हरबा काठावरच राहिला

मोतीराम काका केळीच्या बागेतून दुपारी घरी आले की आधी पाय धुवायचे, मग हात, आणि मग कितीतरी वेळ नखांच्या कडा दगडावर घासत बसायचे. केळीचा चीक सहज सुटत नाही. कपड्याला लागला तर डाग कायमचा, हाताला लागला तर आठवडाभराचा. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत काळे डाग नसलेला हात कुणी शोधायला जात नाही, आणि माझ्या या काकांनी जन्मात कधी आपल्या हातांकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं. पण गेल्या कार्तिकापासून त्यांना रोज दुपारी एक पुस्तक हातात घ्यायचं असायचं. पुस्तक इतकं जुनं की पानाचा कोपरा जरा जोरात धरला तर बोटातच राहील.

हात नीट पुसून, सदरा बदलून, पुस्तक कापडी पिशवीत घालून ते समोरच्या घरी जायचे. तिथे खिडकीशी लावलेल्या खाटेवर गिरधर काका पडलेले असायचे.

पुस्तकाचं नाव ‘अभ्रकनगरची सफर’. त्याचे पाच भाग. सगळे पातळ, मुलांच्या हातात मावतील असे. प्रत्येक भागावर तेच शहर निरनिराळ्या रंगांत काढलेलं: भिंती, घुमट, झाडं, घोडे, सगळं अभ्रकाचं, आरपार दिसणारं. नभराज नावाचा राजपुत्र आपल्या बापाची हरवलेली झोप शोधायला त्या शहराकडे निघतो आणि त्याच्याबरोबर तबेल्यातल्या मोतद्दाराचा मुलगा हरबा असतो. हरबाला शीळ घालून पाखरं बोलावता येतात. बाकी मग धुराची चेटकीण, उलटी वाहणारी नदी, रात्री दिशा बदलणारा डोंगर, असं सगळं.

काकांच्या मावशीचे यजमान नेपानगरच्या कागदाच्या मिलमध्ये नोकरीला होते. मूळची जळगावकडची मंडळी. मिलच्या कॉलनीत मराठी घरं बरीच, आणि गणपतीत तिथल्या मुलांना बक्षीस म्हणून पुस्तकं मिळत. मावशीच्या मुलांनी वाचून झालेला भाग कुणीतरी येणारं-जाणारं बुऱ्हाणपूरला घेऊन यायचं. एका वेळी एकच. तिसरा भाग संपल्यावर चौथा यायला अख्खा उन्हाळा गेला होता, असं काका सांगतात. त्या उन्हाळ्यात गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे ती दोघं मुलं रोज नवीन काहीतरी खेळत राहिली आणि चौथा भाग आला तेव्हा खरी गोष्ट कुठली नि आपली कुठली हे दोघांच्याही डोक्यात सरमिसळ झालेलं होतं.

दोघं म्हणजे काका आणि गिरधर काका. गिरधर काकांचे वडील लवकर गेले, म्हणून तिसरीतच त्यांची शाळा सुटली आणि म्हशी हाती आल्या. अक्षरं ओळखीची होती, पण ओळीनं लागत नव्हती. म्हणून काका वाचायचे आणि गिरधर काका हुंकारा द्यायचे.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. ऐकणाऱ्यांतल्या एकानं प्रत्येक वाक्यामागे ‘हूं’ म्हणायचं असतं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते. तशीच रेटली तर गोष्टीतली माणसं वाट चुकतात, असं जुनी माणसं म्हणायची. काका आणि गिरधर काकांनी हा नियम पुस्तकालाही लावला होता. केळीच्या बागेत भर दुपारीही एक हिरवा काळोख असतो. वर पानांचं छत, खाली ओल, आणि वारा आला की फाटकी पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज. त्या काळोखात एका खोडाला टेकून एक मुलगा वाचतोय, दुसरा त्याच्या बोटाकडे बघत ‘हूं’ म्हणतोय, आणि कुठेतरी दूर म्हशी दुसऱ्याच्या शेतात शिरतायत. हे दृश्य मी पाहिलेलं नाही, पण काकांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते मला माझ्याच लहानपणातलं वाटतं.

पुढे काका बागेतच राहिले. गिरधर काका केळीच्या मंडीत गेले आणि व्यापाऱ्यांच्या लिलावात बोली पुकारू लागले. त्यांचा आवाज मंडीत प्रसिद्ध होता. ट्रकच्या फळीवर उभे राहून ते मालाचं असं वर्णन करायचे की घेणारा स्वतःच्याच नकळत हात वर करायचा. हिंदी, मराठी, खानदेशी, सगळं एका दमात. आमच्या बागेचा मालही तेच विकायचे, कारण काकांना चार लोकांत तोंड उघडणं कधी जमलं नाही. संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर बसत. गिरधर काका बोलत, काका ऐकत. पन्नास वर्षं हे असंच चाललं. पुस्तकातली वाटणी आयुष्यात उलटी झाली होती, आणि ते दोघांना सोयीचं होतं.

गेल्या भाद्रपदात गिरधर काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. घरी आणल्यावर सुरुवातीला त्यांनी प्रयत्न केला. पाणी मागायला तोंड उघडलं आणि भलताच काहीतरी आवाज निघाला. तेव्हा मंगला काकू, त्यांची बायको, समोर होती. तिनं चेहरा लगेच सावरला, पण त्यांनी तो पाहिला होता. त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा ओठांशी नेला तर मान फिरवायचे. हाताचा व्यायाम करून घ्यायला मुलगा यायचा तर हात दगडासारखा ठेवायचे. डॉक्टरांनी मंगला काकूला बाजूला घेऊन सांगितलं की आवाज कसाही निघो, निघू द्या; माणूस एकदा आतून बंद झाला की मग आमच्या औषधांना आत जायला वाट राहत नाही.

काका रोज जाऊन खाटेजवळ बसायचे. पण बसून करणार काय? बोलणारा एकच होता, आणि तोच आता बोलत नव्हता. दोन मुकी माणसं खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरताना बघत बसायची. एके दिवशी काका घरी आले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून त्यात हात घालून शोधत राहिले.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले होते. जळगावहून मराठीत एम.ए. करून मी नुकतीच परत आले होते आणि घरात मला फारसं काम नव्हतं. काकांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं, “फार फार वर्षांपूर्वी एका राजाची झोप हरवली.” आणि ते थांबले. मुद्दाम नव्हे. हुंकाऱ्याशिवाय दुसरं वाक्य उचलायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. खोलीत पंखा फिरत होता. गिरधर काकांची नजर भिंतीवरून निघाली, हळूहळू खाली आली आणि पानावरच्या बोटावर येऊन टेकली.

“हूं.”

ओठ मिटलेलेच होते. आवाज नाकातून आला, जाडाभरडा, पण आला. मंगला काकू पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, दुसरं वाक्य वाचलं.

त्या दिवसापासून दुपारची वेळ पुस्तकाची झाली. वाचून झालं की गिरधर काका चमचाभर खिचडी घेऊ लागले, मग वाटीभर. हाताला व्यायाम करू देऊ लागले. मंगला काकूनं नवसाच्या यादीत आणखी एक देव वाढवला, पण तोंडानं मात्र ती काकांना सोडत नव्हती. दिवसा गोष्टी सांगितल्या की मामा वाट चुकतो अशी समजूत आहे. ती म्हणायची, “भर दुपारी गोष्टी सांगू राहिले मोतीभाऊ, माझ्या पोरांचा मामा वाट चुकेल ना.”

“तुमचा भाऊ कधी वाटेवर होता, वहिनी?” काका पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे.

आणि खाटेवरून ‘हूं’ यायचा. तो गोष्टीसाठी नसायचा.

मला वाटलं होतं, काका लहानपण परत मिळाल्यासारखे होतील. तसं झालं नाही. डोळे आता दमतात म्हणून ते दुसऱ्या दिवशीचं वाचन आदल्या संध्याकाळी ओट्यावर एकदा नजरेखालून घालायचे, आणि तेव्हा त्यांचा चेहरा हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखा व्हायचा. या राज्यात कुणी पेरत नाही, ते एकदा म्हणाले. सैन्य जेवतं कुठलं? पुढे राजकन्येला एवढ्या लांबून सोडवून आणतो, आणि माझ्या आठवणीत ती बाई पूर्ण पुस्तकात बोलते काय, तर ‘आपण आलात’. पण त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते तळ्यातल्या सापाचं. दुसऱ्या भागात नभराज एका तळ्याकाठी येतो आणि तळ्यात निजलेल्या सापाचे सात तुकडे करतो. लहानपणी या जागी दोघांनी केळीच्या खोडावर विळ्यानं सात वार केले होते आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

“साप तर झोपलेला होता,” काका मला म्हणाले. “यानं का मारला? रस्ता तर बाजूनं होता. तुमच्या एम.ए.त याला काय म्हणतात?”

मी काहीतरी सांगितलं. नायकाचा पराक्रम दाखवायचा असतो, म्हणून लेखक असे प्रसंग योजतो, वगैरे. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मतलब लबाडी.”

गंमत म्हणजे गिरधर काकांचंही तसंच चाललं होतं. त्यांचा हुंकारा एकसारखा नसायचा. अभ्रकाच्या घोड्यांचं वर्णन आलं की तो लांब आणि गोल यायचा, डोळे मिटून. सापाचे तुकडे झाले तेव्हा तो आखूड आला, कोरडा, लिलावात कुणी लाजिरवाणी बोली लावल्यावर यावा तसा. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. दोघांची नजर एक झाली. एवढं प्रेमाचं पुस्तक, आणि दोघंही आता त्याच्याकडे माल पारखायला आल्यासारखे बघत होते. तरी वाचणं थांबवावं असं कुणाला वाटत नव्हतं. पुस्तक खोटं ठरत होतं आणि त्यातलं शहर मात्र तसंच चमकत होतं. थंडीच्या दुपारी खिडकीतून तिरपं ऊन खाटेवर यायचं, आणि काकांचा संथ, चढउतार नसलेला आवाज चालू असला की मलाही समोरची भिंत आरपार दिसेल असं वाटायचं.

तिसऱ्या भागाचा शेवट आला तेव्हा काका संध्याकाळी ओट्यावरून उठून आत आले. पुस्तक उघडंच होतं. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं आणि पुढच्या दोन भागांत हरबा कुठे येतो ते बघून सांग म्हणाले. त्यांनी स्वतः पाहिलं होतं, पण चष्म्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

आधी मी तिसऱ्याचं शेवटचं प्रकरण वाचलं. नभराज आणि हरबा धुक्याच्या नदीशी पोचतात. नावाडीही धुक्याचाच आहे. तो म्हणतो, या पाण्याला भाडं म्हणून माणसाचा आवाज लागतो. नभराज गप्प होतो. हरबा म्हणतो, माझा घ्या. शीळ, हाका, गाणी, सगळं नावाड्याच्या ओंजळीत जातं आणि नाव पलीकडे लागते. पलीकडे एक दरवाजा आहे. जो आपलं नाव सांगेल त्यालाच तो आत घेतो. हरबाला नाव सांगता येत नाही. ‘मित्रा, तू येथेच थांब. परत येताना मी तुला घेऊन जाईन,’ असं म्हणून राजपुत्र आत शिरतो. आणि शेवटचं वाक्य: हरबा काठावरच राहिला.

मग मी चौथा आणि पाचवा भाग पाहिला. हळू पाहिला. नभराजला बापाची झोप सापडते, राजकन्या सापडते, तो उडत्या घोड्यावरून दुसऱ्याच वाटेनं घरी येतो, लग्न होतं. हरबाचं नाव कुठेच नव्हतं. लेखक त्याला विसरला होता. आणि उन्हाळाभर खेळून चौथ्या भागापर्यंत पोचलेली ती दोन मुलंही विसरली होती.

मी नाही म्हणून मान हलवली. काकांनी पुस्तक माझ्या हातून परत घेतलं.

“हे त्याच्या तोंडावर कसं वाचू?” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाचलं नाही. नावाड्यापर्यंत आले, आणि मग त्यांनी नावाड्याच्या मनात दया आणली. आवाज नको, नुसती एक शीळ दे, असं नावाडी म्हणाला, आणि दोघं मित्र दरवाज्यातून हात धरून आत गेले. काका सरळ पुस्तकाकडे बघत हे सांगत होते. चार लोकांत तोंड न उघडणारा माणूस, पण गोष्ट बरी रचली होती.

हुंकारा आला नाही.

काकांनी वाक्य पुन्हा म्हटलं. गिरधर काका जागे होते, डोळे उघडे होते. मंगला काकू घाबरली. कपाळाला हात लावून पाहिला, मुलाला फोन केला. डॉक्टर येऊन गेले. नवं काही नाही म्हणाले. त्या संध्याकाळी गिरधर काकांनी चमचा दातांनी अडवला.

दुसऱ्या दिवशी काकांनी थोडं मागे जाऊन सुरुवात केली. नदीपर्यंत प्रत्येक वाक्याला हुंकारा आला, नेहमीसारखा. नावाडी बोलू लागला आणि काकांनी गोष्ट वळवली, की खोली पुन्हा मुकी. या वेळी हरबाचा आवाज एका पाखरानं परत आणून दिला होता. त्याच्या पुढच्या दिवशी नभराजनं दरवाज्याला दोघांची नावं सांगितली. एकदा तर त्यांनी नदीच काढून टाकली. काही उपयोग झाला नाही. गिरधर काकांनी तोंड भिंतीकडे केलं. व्यायामाचा हात पुन्हा दगड झाला. इतक्या दिवसांत मिळवलेलं सगळं त्या काठावर येऊन थांबलं होतं, आणि हुंकाऱ्याशिवाय पुढे जायचं नाही हा नियम मोडायची काकांची हिंमत नव्हती. बागेत ते निंदणीवाल्या बायकांवर विनाकारण करवादू लागले. रात्री जेवताना घास हातात ठेवून बसायचे.

गाठ सोडवली ती मंगला काकूनं. ती खाटेच्या पायथ्याशी चादर बदलत होती आणि काका नदीची आणखी एक नवी तऱ्हा सांगत होते. ती चादर तशीच धरून म्हणाली, “मोतीभाऊ, तुम्ही वाचू राहिले की बोलू राहिले?”

काका थांबले.

“वाचता तेव्हा तुमचं बोट चालतं. आता किती वेळचं एकाच जागी उभं आहे. ते तुमच्या तोंडाकडे नाही बघत, बोटाकडे बघतात. लहानपणापासून बोटच तर बघत आले ना.”

काकांनी खाली पाहिलं. बोट ‘नावाडी’ या शब्दाखाली होतं. किती दिवसांपासून तिथेच होतं. गिरधर काकांना अक्षरं लागत नव्हती, पण ओळीवरून सरकणारं बोट आणि थबकलेलं बोट यातला फरक त्यांना कळत होता. ते रागावले होते ते गोष्टीवर नव्हे, काकांवर. मित्र समोर बसून डोळ्यांदेखत लपवाछपवी करत होता, बाकीचे सगळे करत होते तशीच.

काकांनी चष्मा काढून पुसला. परत लावला.

“गिरधर,” ते म्हणाले, “पुढचं चांगलं नाही. वाचू?”

भिंतीकडचं तोंड लगेच वळलं नाही. मग हळूहळू वळलं. “हूं.”

काकांनी वाचलं. बोट चालू लागलं. नावाड्यानं भाडं मागितलं: हूं. राजपुत्र गप्प झाला: हूं. हरबा म्हणाला, माझा घ्या. इथे हुंकारा जरा उशिरा आला. आवाज ओंजळीत गेला, नाव लागली, दरवाजा आला. मित्रा, तू येथेच थांब. काकांचा आवाज आता चालत नव्हता, एकेक शब्द उचलून ठेवत होता. हरबा काठावरच राहिला.

हुंकारा आला तो खोल, खाली उतरत जाणारा, संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही असा. मंगला काकू चादरीची घडी छातीशी धरून उभी होती. काकांना पुस्तक मिटायचं होतं. पण गिरधर काकांनी डावा हात उचलून पुस्तकाशेजारी ठेवलेल्या चौथ्या भागावर ठेवला.

पौष आणि अर्धा माघ त्या दोन भागांत गेला. आता वाचणं निराळंच झालं होतं. ते पुस्तकाचं ऐकत नव्हते, पुस्तकात हरबाला शोधत होते. तो कुठेच येत नाही हे काकांना ठाऊक होतं, तरी वाटेवर एखादा मुका भिकारी भेटला, एखाद्या झाडावरून शीळ आली की त्यांचा आवाज सावध व्हायचा आणि हुंकारा वर चढायचा. मग तो भिकारी दुसराच कुणी निघायचा. नभराज राजकन्येला सोडवत होता, आणि ऐकणारी माणसं त्याच्या पाठीमागे, मिटलेल्या दरवाज्याकडे, धुक्याकडे बघत होती. मला त्या दिवसांत स्वप्नातही ती नदी दिसायची. ती तापीसारखी होती, राजघाटावरून पहाटे दिसते तशी, फक्त तिला पलीकडचा काठ नव्हता.

शेवटी लग्न आलं. अभ्रकाचे दिवे लागले, राजाला झोप लागली. काकांनी शेवटचं वाक्य वाचलं, ‘आणि सर्वजण सुखाने राहू लागले.’ बोट पूर्णविरामापर्यंत गेलं.

हुंकारा आला नाही.

काकांनी पान उलटून दाखवलं. मागे प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकांची जाहिरात होती. संपलं रे, ते म्हणाले. गिरधर काका त्यांच्याकडे बघत राहिले. नजरेत राग नव्हता, थकवाही नव्हता. दिलेला भाव मान्य नसलेला माणूस जसा शांतपणे बघतो तशी ती नजर होती. शेवटच्या वाक्याला हुंकारा नाही, म्हणजे गोष्ट संपलेली नाही. हे या दोघांनीच ठरवलेलं होतं.

“नाही ना पटलं?” काका म्हणाले.

“हूं,” खाटेवरून आलं, आणि या खेपेला वाट बघावी लागली नाही.

काकांनी पाचवा भाग मिटून पिशवीत ठेवला. मग त्यांना हात कुठे ठेवावे कळेना. बोटाखाली ओळ नव्हती. त्यांनी दोन्ही हात उघडेच मांडीवर ठेवले, गिरधर काकांना दिसतील असे, आणि म्हणाले की हरबा काठावर बसला होता. हूं. तो राजपुत्राची वाट बघत होता. यावर काहीच आलं नाही. काकांनी विचार केला. तो वाट बघत नव्हता. हूं. तो रडला? काही नाही. तो उठला आणि त्यानं काठाकाठानं चालायला सुरुवात केली. हूं.

तेव्हापासून असं चाललंय. काका एक वाक्य पुढे ठेवतात. हुंकारा आला तर ते गोष्टीत राहतं, नाही आला तर काका ते मागे घेतात आणि दुसरं देतात. नभराजला परत आणून माफी मागायला लावावी असं काकांना फार वाटत होतं. त्यांनी वेगवेगळ्या वाटांनी तो आणून पाहिला. घोड्यावरून, पायी, एकदा म्हातारा झालेला. गिरधर काकांनी त्याला एकदाही आत घेतलं नाही. त्याऐवजी हरबानं काठावर केळीची पिलं लावली आहेत. नावाडी कधीकधी त्याच्याजवळ येऊन बसतो. नावाड्याला स्वतःचा आवाज नव्हता, म्हणून तो दुसऱ्यांचे गोळा करत होता, हे काकांना मधेच सुचलं आणि त्यावर इतका लांब हुंकारा आला की काका लाजले. कोणती वाक्यं कुणाची हे आता मला सांगता येणार नाही.

चैत्रात एके दुपारी काकांनी ते विचारलं. इतके दिवस ते या वाक्याभोवती फिरत होते हे मला माहीत होतं.

“मग एक दिवस हरबाचा आवाज परत आला.”

मंगला काकू दारात परात घेऊन बसली होती. तिचे गहू निवडणारे हात थांबले. गिरधर काका छताकडे बघत होते. पंखा, बाहेर कुणाची तरी मोटारसायकल, परत पंखा. काकांनी घाई केली नाही. हुंकारा येत नाही हे नक्की होईपर्यंत ते थांबले, आणि मग खाली बघून म्हणाले, “नाही आला.”

“हूं.”

तो सरळ होता. वर चढला नाही, खाली उतरला नाही. काकांच्या चष्म्याची काच धुरकटली होती, पण त्यांनी ती पुसली नाही.

मंगला काकूनं परात बाजूला सारली. इतक्या महिन्यांत ती गोष्टीत कधी बोलली नव्हती. येता-जाता टोमणा मारायची, तेवढंच.

“मोतीभाऊ, पण विचारा ना त्यांना,” ती म्हणाली. “तिथं काठावर त्याच्यासोबत कुणी होतं का नाही?”

काकांनी ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. गिरधर काकांनी मान वळवली होती, काकांच्या हातांकडे नव्हे, दाराकडे. त्यांनी तिच्याकडे पाहून हुंकारा दिला. मग काकांकडे बघत राहिले, पुढचं वाक्य मागत. काकांना आता ती दुसरी व्यक्ती काठावर आणायची होती, आणि ती कुठून आली, केव्हा आली, पहिल्यापासूनच तिथे होती की काय, हे सगळं त्यांना एकेक करून विचारायचं होतं.